ट्रॅक्टरखालून आलेला ठोका

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. तुम्हाला पटलं तर पटलं, नाही पटलं तर माझं काही अडत नाही. पण ज्या तिघांवर ती बेतली ती तिघंही आज जिवंत आहेत. मी तिघांकडून ती स्वतंत्रपणे ऐकली आहे. तिघांच्या सांगण्यात कुठेही फरक नाही.

फरक असता तर बरं झालं असतं.

आणि भुतंखेतं रात्रीच निघतात अशी तुमची समजूत असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. हे घडलं तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. अकराला काही मिनिटं कमी होती.

माणूस म्हणजे माझा धाकटा मामा. जागा म्हणजे त्याच्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड.

रस्ता जिथे संपतो तिथे दोनच घरं आहेत. एक मामाचं. समोरचं हेडबाईंचं. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटून बारा वर्षं झाली, पण बाईंचा आवाज अजून सुटलेला नाही. त्या 'बसा' म्हणाल्या की उभा माणूस आधी बसतो आणि मग का बसलो याचा विचार करतो.

मामा यंत्रांचा मिस्त्री. शिलाई मशीन, पंखा, पाण्याची मोटार, जे येईल ते दुरुस्त करतो. लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं विचारलं की म्हणायचा, "मुलगी बघायला जायचो आणि तिच्या घरचा पंखा दुरुस्त करून परत यायचो." हसवण्यात पटाईत माणूस. निदान त्या सकाळपर्यंत तरी होता.

त्याच्याबरोबर राहते माझी थोरली मामी. थोरला मामा नऊ वर्षांपूर्वी गेला. मामीची फुप्फुसं निकामी होत आली आहेत. दोन वर्षं झाली, नाकात नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन.

घर्रर्र... फुस्स. घर्रर्र... फुस्स.

चोवीस तास तोच आवाज. मशीन बंद पडलं की दहा मिनिटांत तिचे ओठ निळे पडायला लागतात. मामा ती नळी दिवसातून दोनदा पुसायचा, भांड्यातलं पाणी बदलायचा, रात्री दोनदा उठून तिचा श्वास बघायचा. सख्ख्या मुलानं केलं नसतं एवढं दिरानं केलं, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

आणि शेडमध्ये होता ट्रॅक्टर.

डिझेलचा, जुना, लाल रंग उडून विटकरी झालेला. त्याच्या मागे पट्ट्यानं जोडलेला डायनॅमो. पूर्वी दोघे भाऊ हा ट्रॅक्टर घेऊन जिथे वीज नाही तिथे जायचे, डायनॅमोवर वीज तयार करायचे आणि वेल्डिंगची कामं उरकायचे. थोरला मामा याच ट्रॅक्टरखाली गेला. दुरुस्ती करताना. त्या दिवशी मामानं त्याच्यावर ताडपत्री टाकली ती नऊ वर्षांत काढली नाही. विकून टाक म्हटलं तर विषय बदलायचा.

शेड आणि मामीची खोली यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीत एक छोटी खिडकी. थोरल्या मामाला चहा शेडमध्येच लागायचा, म्हणून मामीनं ती हौसेनं काढून घेतली होती.

तर, त्या दिवशी पहाटे वादळ झालं.

साडेपाचला वीज गेली. वारा थांबला तेव्हा दिसलं की रस्त्यावर सात झाडं आडवी आहेत आणि विजेचे खांब त्यांच्याखाली आहेत. फोन मुके झाले होते. मशीन इन्व्हर्टरवर चालू होतं, पण त्याची बॅटरी पाच तासांची. फार तर साडेदहापर्यंत.

दूधवाला पायी आला होता, तो तसाच पायी दवाखान्याकडे पळाला. मोठा सिलिंडर घेऊन माणसं यायची म्हणजे झाडं तोडत यायची. दुपार होणार हे उघड होतं. मामीला खाटेवर घालून न्यायचं तर चार माणसं हवीत. इथे होती दोन, त्यातल्या एकीचं वय सत्तर.

घरात एक लहान सिलिंडर होता. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेला. त्यात उरला होता चाळीस मिनिटांचा ऑक्सिजन.

हेडबाई फांद्या ओलांडत आल्या. परिस्थिती बघितली. मग शेडच्या दिशेनं बोट केलं.

"मिस्त्री, तो ट्रॅक्टर चालू करा. डायनॅमो आहे ना त्याला?"

मामाचा चेहरा उतरला.

"नऊ वर्षं पडून आहे बाई. त्याचं लोखंड झालंय नुसतं."

"मग लोखंडाचा ट्रॅक्टर करा. हात आहेत ना?"

मामा सांगतो, सात वाजले होते तेव्हा. ताडपत्रीला हात लावायला त्याला आणखी अर्धा तास लागला. तो अर्धा तास तो अंगणात नुसता येरझाऱ्या घालत होता. हेडबाईंना वाटलं, भावाच्या आठवणीनं जीव कासावीस झालाय.

साडेसातला ताडपत्री निघाली.

टाकीतलं डिझेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते काढलं. टाकी धुतली, फिल्टर धुतला. सुटे भाग धुवायला ठेवलेलं पाच लिटर स्वच्छ डिझेल घरात होतं, तेवढंच. ते ओतलं. इंजिन जाम होतं. डिझेल फवारणारे नोझल काढून इंजिनाच्या सिलिंडरांत तेल सोडलं, पुढच्या पुलीला लांब दांडा लावला आणि मामा त्याला लोंबकळला.

हलेना.

परत तेल सोडलं. थांबला. परत लोंबकळला. हाताची सालं निघाली. भिंतीपलीकडे मशीन घर्रर्र करत होतं आणि मामा त्या आवाजावर कान ठेवून होता. तो आवाज आहे तोवर वहिनी आहे.

सव्वादहाला काहीतरी सुटलं. दांडा बोटभर हलला. मग वीतभर.

त्याच वेळी ट्रॅक्टरच्या खालून आवाज आला...

टक्.

मामाला आनंदच झाला. गंज सुटतोय, त्याला वाटलं.

तेवढ्यात इन्व्हर्टर ओरडायला लागला. पीं... पीं... पीं. बॅटरी उतरत आली होती.

आणि इथे खरा पेच होता, तो नीट समजून घ्या. ट्रॅक्टरला स्वतःची बॅटरी नव्हती, ती कधीच मेली होती. इंजिन फिरवायला लागणारी बॅटरी घरात एकच होती. मामीचं मशीन चालवणारी. ती आत्ता काढली तरच तिच्यात इंजिन फिरवण्याइतका जोर होता. आणखी दहा मिनिटं थांबलं तर ती ना मशीनच्या कामाची, ना ट्रॅक्टरच्या.

काढली, तर मामी चाळीस मिनिटांच्या सिलिंडरवर.

मामा मामीच्या खोलीत गेला. तिच्या नाकातली नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली. लावताना ती दोनदा त्याच्या हातून निसटली.

"वहिनी, हळू श्वास घ्या. बोलू नका."

"भाऊजी," मामी म्हणाली, "इतकं का घाबरलात? मी जाईन तर यांच्याकडेच जाईन ना."

मामा म्हणतो, त्या वाक्यानंतर त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

त्यानं मशीन बंद केलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते घर गप्प झालं.

बॅटरी ढकलगाडीवर घालून शेडमध्ये आणली. तारा जोडल्या, डायनॅमोची वायर खिडकीतून मशीनपर्यंत नेली. घड्याळात दहा वीस. हेडबाई खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या. एक डोळा मामीवर, एक सिलिंडरच्या काट्यावर.

"चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "मी सांगत राहीन. तुम्ही फक्त काम करा."

डिझेलचं इंजिन नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही. नळ्यांमध्ये हवा शिरलेली असते, ती काढावी लागते. एकानं वर बसून सेल्फ मारायचा, म्हणजे इंजिन बॅटरीवर फिरवायचं, आणि दुसऱ्यानं नोझलचा नट सैल करून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे. स्वच्छ डिझेल आलं की नट घट्ट करायचा. दोन माणसांचं काम. नऊ वर्षांपूर्वी ते दोघे भाऊ करायचे. खाली किंवा पुढे नेहमी थोरला. वर नेहमी धाकटा.

त्या गोंगाटात ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून त्यांची खूण ठरलेली होती. थोरला मामा पान्यानं लोखंडावर ठोकायचा.

एक ठोका म्हणजे, मार सेल्फ.

दोन ठोके म्हणजे, थांब, माझा हात आत आहे.

आता मामा एकटा होता. त्यानं पुढे जाऊन नट सैल केला, पळत मागे येऊन सेल्फ मारला. इंजिन कण्हत फिरलं. परत उतरला, बघितलं, नुसते बुडबुडे. परत वर चढला. परत खाली. प्रत्येक खेपेला बॅटरी थोडी मरत होती.

"तीस मिनिटं!" हेडबाई.

चार नळ्या. पहिली झाली. दुसरी झाली. मामा घामानं निथळत होता. तिसऱ्या नळीचा नट सैल करून तो वर चढला, बसला, नाक पुसलं...

टक्.

त्यानं सेल्फ मारला.

इंजिन फिरलं. फिरता फिरता मामाच्या डोक्यात आलं...

ठोका कोणी दिला?

त्याचा हात जागच्या जागी थिजला. ठोका ऐकला आणि हातानं आपोआप काम केलं, नऊ वर्षांपूर्वी करायचा तसं. पण खाली कोणी नव्हतं. हेडबाई खिडकीशी होत्या. शेडमध्ये तो एकटा होता.

तो हळूहळू खाली उतरला. पुढे गेला.

तिसऱ्या नळीचा नट घट्ट आवळलेला होता.

त्याच्याभोवती ताजं डिझेल ओघळलं होतं. स्वच्छ. बुडबुड्याशिवाय.

मीच आवळला असेल, मामा स्वतःला म्हणाला. घाईत विसरलो असेन. बुडत्याला काडीचा आधार तसा त्यानं तो विचार घट्ट धरला. चौथा नट सैल केला. वर चढला. या वेळी सेल्फकडे हात नेलाच नाही. वाट बघितली.

बाहेर एकही पक्षी ओरडत नव्हता. पत्रा तापल्याचा कडकड आवाज येतो, तोही नव्हता.

टक्.

अगदी स्पष्ट. त्याच्या पायाखालून. पाना लोखंडावर.

डोळे मिटून मामानं सेल्फ मारला. उतरला. चौथा नट घट्ट होता.

"वीस मिनिटं! मिस्त्री, यांचा श्वास चढतोय!"

मामाला पळून जावंसं वाटत होतं. खरंच. तो मला म्हणाला, "दार उघडं होतं. वहिनी नसती तर मी पार हमरस्त्यापर्यंत मागे वळून बघितलं नसतं."

पण वहिनी होती.

काम तर झालं होतं. हवा निघाली होती. नोझल बसले होते. आता फक्त शेवटचा सेल्फ, आणि बॅटरीत एक-दोन वेळा पुरेल एवढाच जोर. तो वर बसला. अंगठा बटणावर ठेवला.

टक् टक्.

दोन.

थांब. माझा हात आत आहे.

मामाचा अंगठा बटणावरून उचलला गेला. त्यानं कान टवकारले. काही नाही. पाच मोजले, दहा मोजले. पुन्हा अंगठा ठेवला.

टक् टक्!

या वेळी जोरात. बसायची पत्र्याची सीट खालून हादरली.

तो उडी मारून उतरला, गुडघ्यांवर बसला आणि ट्रॅक्टरखाली डोकावला.

खाली कोणी नव्हतं.

पण नऊ वर्षांची धूळ साचलेली होती तिथे, आणि त्या धुळीत एक पट्टा साफ पुसलेला होता. माणूस पाठीवर सरकत आत गेला की जेवढा पुसला जातो तेवढा. खांदे. कंबर. टाचांच्या दोन रेघा.

रेघा आत गेल्या होत्या. बाहेर आल्या नव्हत्या.

"पंधरा मिनिटं!" हेडबाईंचा आवाज आता मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "अहो, काय करताय? मारा ना तो सेल्फ!"

मामा पुन्हा वर चढला. अंगठा ठेवला.

टक् टक्.

"दादा," मामा म्हणाला. नऊ वर्षांत त्यानं ही हाक मारली नव्हती. "दादा, वहिनी जाईल रे. सोड."

टक् टक्.

तुम्ही म्हणाल, दाबायचं होतं की बटण. ठोके तर ठोके. हेडबाईही त्याला नंतर हेच म्हणाल्या. मीही म्हणाले असते. पण मामाला ते शक्य नव्हतं, आणि का नव्हतं ते जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

नऊ वर्षं आम्हाला सगळ्यांना जे माहीत होतं ते असं. थोरला मामा खाली पडून क्लचचा दांडा जुळवत होता. वर धाकटा मामा. गिअर टाकलेला होता, कामच तसं होतं. एक ठोका ऐकू आला. त्यानं सेल्फ मारला. ट्रॅक्टर हातभर पुढे उडाला. हातभरच, पण तेवढं पुरलं. दादाच्या हातून चुकून ठोका पडला असेल, माझ्या कानावर एकच आला, असं मामानं रडत रडत सांगितलं होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. मामीनं स्वतः त्याला जवळ घेऊन समजावलं होतं, की तुमची चूक नाही भाऊजी. तेराव्या दिवशी तिनंच त्याला बळंच चार घास भरवले होते.

"दहा मिनिटं," हेडबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "सिलिंडरचा दाब उतरलाय, ओठ निळे पडायला लागले हो!"

भिंतीपलीकडून मामीचा श्वास ऐकू येत होता. विहिरीतून बादली ओढावी तसा ती एकेक श्वास ओढत होती.

मामानं अंगठा ठेवला.

टक् टक्.

आणि मामा फुटला.

"ऐकले होते मी!" तो ओरडला. "दादा, दोन ऐकले होते! एक नाही, दोन! त्या दिवशी सकाळपासून तू मला चार वेळा दोन ठोके मारून ताटकळत ठेवलं होतंस. गिऱ्हाइकासमोर म्हणालास, याचं डोकं नुसतं टोपी ठेवायला आहे. मला राग आला होता. वाटलं, घाबरू दे एकदा. नुसता एक झटका द्यायचा, म्हणजे ओरडत बाहेर येईल. मला वाटलं तू ओरडशील रे. मला वाटलं शिव्या देशील. तू काहीच बोलला नाहीस..."

त्याला पुढे बोलता येईना. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडत होता.

"माझा जीव घे. पण तिला सोड. तिनं काय केलंय?"

खाली शांतता.

मग त्याच्या लक्षात आलं की खिडकी उघडी आहे.

खोलीत काय झालं ते हेडबाईंनी सांगितलं. मामी खाटेवर अर्धवट उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा कसा झाला हे विचारू नका, असं त्या म्हणाल्या, आणि मी विचारलं नाही. सिलिंडरचा काटा शून्यावर टेकला होता. मामीनं खिडकीकडे तोंड केलं. तिच्याकडे दोन-चार शब्दांपुरताच श्वास होता. ती दिराशी बोलली नाही.

ती म्हणाली, "अहो... मला जगायचंय."

एवढंच. नवऱ्याला बायको सांगते तशा साध्या आवाजात.

बराच वेळ काही झालं नाही. हेडबाई म्हणतात अर्धा मिनिट. मामा म्हणतो, एक वर्ष.

टक्.

एक.

मामानं बटण दाबलं.

बॅटरीत फारसं काही उरलं नव्हतं. इंजिन अर्धा फेरा फिरलं, अडकलं. आणखी पाव फेरा... आणि नळकांड्यातून काळ्या धुराचा लोट निघाला. धडाड्! शेडचा पत्रा थरथरला. एकदा थांबल्यासारखं झालं, पुन्हा धडाड्, आणि मग ते सुरू झालं. धडधड धडधड धडधड. पट्टा फिरायला लागला. डायनॅमोच्या पेटीवरचा बल्ब आधी लाल, मग पिवळा, मग पांढरा झाला.

हेडबाईंनी मशीनचं बटण दाबलं आणि नळी जोडली.

घर्रर्र... फुस्स.

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. मामीच्या ओठांचा रंग परत यायला वीस मिनिटं लागली. हेडबाई तिचा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वेळ मोजणं बंद केलं होतं.

मामा शेडच्या दाराशी जमिनीवर बसला. आत जायचं धाडस झालं नाही त्याला. ट्रॅक्टर चालू, आणि तो त्याच्याकडे बघत बसलेला. एक वाजला. दोन वाजले. दूधवाला माणसं घेऊन येतोय असा निरोप एक पोरगा शेतातून पळत घेऊन आला, मग कळलं की मधला ओढा भरून आलाय आणि ती माणसं पलीकडेच अडकली आहेत. चार वाजले. ट्रॅक्टर एकसारखा चालत होता. एकदाही अडखळला नाही.

संध्याकाळी सातला वीज आली.

घरातले दिवे लागले आणि त्याच क्षणी ट्रॅक्टर बंद झाला. डिझेल इंजिन बंद करायला एक नॉब ओढावी लागते. मामा तिथून दहा पावलांवर होता. त्यानं ती ओढली नव्हती.

जरा वेळानं त्यानं हिंमत केली, टाकीचं झाकण उघडलं आणि आत काडी घालून बघितली. काडी कोरडी निघाली. थोडी धूळ लागली होती.

पाच लिटर डिझेल. मामा यंत्रांचा मिस्त्री आहे, त्याला हिशेब कळतो. जास्तीत जास्त अडीच-तीन तास. इंजिन चाललं होतं आठ तास.

त्यानं दुसऱ्या एका मिस्त्रीला आणून इंजिन उघडून दाखवलं. त्या माणसानं डिझेलचा पंप खोलला आणि मामाकडे विचित्र नजरेनं बघितलं. पंपाच्या आतला दट्ट्या गंजून भिंतीला चिकटला होता. हातोडीनं ठोकूनही निघेना.

"हा पंप नऊ वर्षांत फिरलेलाच नाही," तो म्हणाला. "तुम्हाला भास झाला असेल."

भिंतीपलीकडे मामीचं मशीन चालू होतं. भास झाला असता तर ते ऐकायला ती नसती.

मी आठ दिवसांनी गेले. हे सगळं तेव्हाच ऐकलं. हेडबाईंनी फाटकातच गाठून सांगितलं. मामानं शेडबाहेरच्या पायरीवर बसून सांगितलं, त्यातला तो नऊ वर्षांपूर्वीचा भागसुद्धा. माझ्याकडे न बघता. तो खूप वाळला होता. त्यानं एकही विनोद केला नाही.

"वहिनी माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "पण दादानं सोडलं मला. एक ठोका दिला. तू तो ऐकायला हवा होतास गं... नीट, हलक्या हातानं दिला. म्हणजे माफच केलं ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आत गेले. मामी उशीला टेकून बसली होती. मशीन घर्रर्र करत होतं. बरी दिसत होती, आधीपेक्षा बरी. मी तिला मामाचं म्हणणं सांगितलं. समेट व्हावा म्हणून सांगितलं, दुसरा हेतू नव्हता.

मामीनं शांतपणे ऐकून घेतलं. श्वास घेत घेत, तुटक बोलली.

"एक ठोका म्हणजे, मार सेल्फ. बाकी काही नाही. बारा वर्षं त्या खिडकीतून चहा दिलाय मी. मला माहीत आहेत त्यांचे ठोके." थोडं थांबली. "मी मागितलं, म्हणून मला दिलं. भाऊजींनी पण 'सोड' म्हणून मागितलं होतं. त्यांना काय दिलं?"

मी तिची उशी सरळ केली.

तेवढ्यात नळी पुसायची वेळ झाली. मामा नेहमीसारखा स्वच्छ फडकं घेऊन दाराशी आला. गरम पाण्याचं भांडं दुसऱ्या हातात. आठ दिवस तो दोन्ही वेळा येतो आणि आठ दिवस हेडबाई येऊन ते काम करतात, हे मला तेव्हाच कळलं.

मामीनं त्याच्याकडे बघितलं नाही. नाकातली नळी स्वतःच काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू लाव," ती म्हणाली.

मी उठून मामाच्या हातातलं फडकं घेतलं. नळी पुसली, परत लावली. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, भांडं धरून. पाणी निवत होतं.

आत ये, असं मी त्याला म्हणाले नाही.